आळेगाव ते धोडप: काकांच्या बाबतीत थोरल्या माधवरावांनी भावना खरोखर बाजूला ठेवल्या का?

धागाकर्ता: भीमथडी

अवघड निर्णय घेताना नेत्याने स्वतःच्या भावना बाजूला ठेवाव्यात, हे आपण इतक्या वेळा ऐकतो की कोणत्या भावना, हे विचारायचे राहूनच जाते. राग बाजूला ठेवायचा, मानापमान बाजूला ठेवायचा, की मायाही? या तिन्हींची परीक्षा एकाच माणसाची, अकरा वर्षांच्या कारकिर्दीत आणि मुख्यतः एकाच नातेवाइकाच्या निमित्ताने झाली, असे उदाहरण माधवराव पेशव्यांचे आहे. म्हणून हा धागा.

घटनाक्रम बहुतेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात मांडतो. पानिपतानंतर काही महिन्यांतच, जून १७६१ मध्ये, नानासाहेब पर्वतीवर वारले. सोळा वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि प्रत्यक्ष कारभार काका रघुनाथराव, म्हणजे दादासाहेब, यांच्या हाती राहिला. पुतण्याला कारभारात स्वतः लक्ष घालायचे आहे हे दिसू लागताच दादा रुसून बाहेर पडले, त्यांनी निजामाची कुमक मिळवली आणि नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदी व आळेगाव येथे घरच्याच दोन फौजा एकमेकींवर चालून गेल्या. आपली बाजू पडती आहे हे पाहून माधवराव स्वतः काकांच्या छावणीत गेले आणि त्यांच्या स्वाधीन झाले. पुढे १० जून १७६८ रोजी धोडपच्या किल्ल्यापाशी याच पुतण्याने याच काकांचा पराभव केला, त्यांना पुण्यास आणले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले.

माझे मत असे आहे की आळेगावी त्यांनी मानापमान बाजूला ठेवला आणि धोडपला वडीलधाऱ्याविषयीचा आदर बाजूला ठेवला. परंतु धोडपनंतर जी शिक्षा वाटली गेली, तिच्यात नाते डोकावते. दादांच्या बंडाला साथ देणारे होळकरांचे दिवाण गंगोबा तात्या चंद्रचूड किल्ल्यावर कैदेत पडले. दमाजी गायकवाडांचा मुलगा गोविंदराव फौजेसह दादांच्या मदतीला आला होता, तोही पकडला गेला आणि गायकवाडांना मोठा दंड बसला. बंडाचा मुख्य धनी मात्र स्वतःच्याच वाड्यात, नोकरचाकर आणि कुटुंबासह राहिला. यावर जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद: मोडीवाचक

विषय उत्तम आहे, पण आळेगावच्या प्रसंगाचे आपले वाचन मला जरा जास्तच सोज्वळ वाटते. युद्ध लांबले असते तर त्याचा खरा लाभ निजामाला झाला असता, कारण तो दादांच्या बाजूने उभा होता तो काही दादांच्या प्रेमाखातर नव्हे. दौलतीचे दोन तुकडे होण्यापेक्षा आपण काकांच्या हाती सापडलेले बरे, हा हिशेब होता आणि तो सतरा वर्षांच्या मुलाने केला, हे विशेष आहे. त्यात भावनेचा त्याग किती आणि नाइलाज किती, हे ठरवणे कठीण आहे.

शिवाय त्या माघारीची किंमत दुसऱ्यांनी मोजली, हे विसरता येणार नाही. सत्ता हाती येताच दादांनी पुतण्याच्या बाजूच्या माणसांवर सूड उगवला. भवानराव प्रतिनिधींना दूर करून ते पद आपल्या तान्ह्या मुलाच्या नावे केले आणि मुतालकी, म्हणजे त्या पदाचा प्रत्यक्ष कारभार, नारो शंकरांना दिली. गोपाळराव पटवर्धनांचे मिरज फौज पाठवून काढून घेतले. दुखावलेले सरदार निजामाकडे गेले आणि १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणे लुटले व जाळले. ज्यांची घरे जळाली त्यांना पेशव्यांच्या संयमाचे कौतुक वाटले असेल, असे मला वाटत नाही.

मात्र याच प्रकरणात आपल्या विषयाचे सर्वांत चांगले उदाहरण सापडते, आणि ते काकांचे नसून पटवर्धनांचे आहे. गोपाळराव शत्रूच्या गोटात होते. त्यांच्यावर अन्याय झाला होता हे खरे, पण राजधानी जाळणाऱ्या फौजेच्या बाजूला ते होते, हेही तितकेच खरे. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनला गोदावरीच्या काठी निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला आणि मराठ्यांचा मोठा विजय झाला, त्यानंतर माधवरावांचे वजन वाढले. कोणीही तरुण राज्यकर्ता अशा वेळी फितुरांची यादी काढतो. माधवरावांनी गोपाळरावांना मिरज परत दिले. पुढे हैदरअलीवरच्या कर्नाटकातील मोहिमांत हेच गोपाळराव पेशव्यांचा मोठा आधार ठरले, ते १७७१ साली वारले तोपर्यंत. राग गिळणे म्हणजे काय, ते येथे पाहावे. काकांच्या बाबतीत राग आणि माया यांची सरमिसळ आहे, येथे निखळ राग होता आणि तो कामापुढे मागे पडला.

प्रतिसाद: कऱ्हाकाठ

वर दोघांनीही माधवरावांच्या मनात काय होते, याचा निवाडा केला आहे. निर्णय दिसतो, मन दिसत नाही. आपण निर्णयापुरतेच बोलावे, अशी नम्र सूचना.

प्रतिसाद: जामीनदार

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत वसुली अधिकारी म्हणून नोकरी केली आहे, आणि धागाकर्त्यांनी गंगोबा तात्या व दादा यांच्यातला जो फरक दाखवला, तो वाचून मला एक प्रकरण आठवले. संस्थेचे नाव लिहीत नाही.

अध्यक्षांच्या मावसभावाने ट्रॅक्टरसाठी कर्ज घेतले होते. हप्ते थकले. त्याला दोन जामीनदार होते आणि त्यांपैकी एक जण शाळेत शिपाई होता. अध्यक्ष स्वभावाने सरळ होते. त्यांनी भर सभेत सांगितले की माझा भाऊ आहे म्हणून कोणतीही सवलत देऊ नका, कायद्याप्रमाणे जे असेल ते करा. त्याप्रमाणे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवला गेला. येथपर्यंत सारे आदर्श वाटते. प्रत्यक्षात दाखला हाती आल्यावर काय करायचे, हे संस्थेच्या हातात असते. मावसभावाचा ट्रॅक्टर ओढून आणायचा विषय निघाला की हंगाम चालू आहे, ऊस तुटला की पैसे भरतो असे तो म्हणे आणि मुदत मिळे. शिपायाचा पगार मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला होत असल्यामुळे त्याच्या पगारातून कपात सुरू झाली, कारण तेथून वसुली सोपी होती. तो माणूस कपातीची चिठ्ठी घडी करून खिशात घालून दर महिन्याला आमच्या खिडकीशी येई आणि मुद्दल किती उरली एवढेच विचारून जाई.

अध्यक्षांनी भावना बाजूला ठेवली नव्हती, असे कोणी म्हणू शकणार नाही. ठराव त्यांनीच मांडला होता. पण ठराव कठोर आणि अंमलबजावणी मवाळ असली की मवाळपणाचा फायदा ज्याला मिळायचा त्यालाच मिळतो. म्हणून नेत्याची परीक्षा सभेतल्या निर्णयावर घेऊ नये, त्यानंतरच्या सहा महिन्यांत कोणाकडून काय वसूल झाले त्यावर घ्यावी, असे मला अनुभवाने वाटते. दादासाहेबांच्या बाबतीतही लढाईचा निर्णय धोडपला झाला. पुढची वसुली गंगोबा तात्यांकडून झाली.

प्रतिसाद: भीमथडी

जामीनदार यांचा प्रतिसाद फार मोलाचा आहे आणि माझ्या मूळ मांडणीला त्याने अधिक नेमके केले आहे. एक विचारतो: अध्यक्षांनी त्या विषयापुरते सभेतून उठून जायला हवे होते का? नात्यातला विषय आला की संबंधिताने चर्चेत बसू नये, हा आजचा सर्वमान्य संकेत आहे.

प्रतिसाद: जामीनदार

उठून गेले असते तरी फरक पडला नसता. खोलीत नसलेल्या अध्यक्षांच्या मनात काय आहे, याचा अंदाज बांधत संचालक बसले असते, आणि तो अंदाज नेहमी नातेवाइकाच्या बाजूचाच बांधला जातो. मुदतवाढ कधीही अध्यक्षांनी मागितलेली नव्हती, ती इतरांनीच आपण होऊन दिली. खरे तर अध्यक्षांनी बसून राहायला हवे होते आणि दर महिन्याला त्या खात्याचा उतारा स्वतः मागायला हवा होता.

प्रतिसाद: न्यायखाते

उठून जाण्याची सोय माधवरावांना नव्हतीच. पेशवा हाच फिर्यादी, तोच सेनापती, तोच पुतण्या आणि शेवटी शिक्षा ठरवणाराही तोच. अशा व्यवस्थेत भावना बाजूला ठेवण्याचे सगळे ओझे एका माणसाच्या स्वभावावर पडते आणि स्वभाव हा काही भरवशाचा पाया नव्हे.

म्हणूनच रामशास्त्री प्रभुणे यांचे उदाहरण येथे घ्यावे लागते. माहुलीचे रामशास्त्री १७५९ पासून पेशव्यांचे न्यायाधीश होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात माधवरावांचे धाकटे भाऊ नारायणराव पेशवे यांची गारद्यांनी, म्हणजे पदरच्या भाडोत्री शिपायांनी, हत्या केली, त्यानंतर सत्तेवर आलेल्या रघुनाथरावांचीच चौकशी करून त्यांनी दादांना दोषी ठरवले. याला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले, ही कथा महाराष्ट्रात प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत आहे. (‘ध’ चा ‘मा’ हा विषय कृपया येथे आणू नये, त्यावर पुष्कळ चर्चा झाल्या आहेत आणि एकीचाही निकाल लागलेला नाही.)

रामशास्त्र्यांच्या बाबतीत माझे म्हणणे एवढेच आहे की त्यांना दादांविषयी माया वाटायचे कारण नव्हते, त्यामुळे त्यांच्या निर्णयात मायेचा त्याग शोधू नये. त्यांनी जी भावना बाजूला ठेवली ती भीतीची. ज्याने नुकताच, निदान आरोपानुसार, पुतण्याचा घात केला आणि ज्याच्या पदरी गारदी आहेत, त्याच्यासमोर उभे राहून हे सांगायचे होते. आपण भावना म्हटले की प्रेम आणि राग धरतो. हुद्द्यावरच्या माणसाचे निर्णय त्याहून अधिक वेळा भीती बिघडवते: नोकरी जाण्याची, वाईटपणा येण्याची, घरी गेल्यावर बायकोला काय सांगायचे याची.

प्रतिसाद: गंगापूररोड

सर्व प्रतिसाद वाचले. दादांना वाड्यात ठेवण्याच्या निर्णयाकडे जरा बारकाईने पाहावे, असे मला वाटते.

माधवरावांपुढे तीन पर्याय होते. देहदंडाचा विचार आपण सोडून देऊ. ब्राह्मण, पेशव्याचा सख्खा काका, अटकेपार गेलेल्या मोहिमेचा सेनानी, अशा माणसाला मृत्युदंड देणे त्या काळाच्या चौकटीत बसत नव्हते आणि तसे केले असते तर अर्धे सरदार बिथरले असते. दुसरा पर्याय दूरच्या किल्ल्याचा. तिसरा वाड्याचा. त्यांनी तिसरा निवडला, आणि माझ्या मते नात्याने केलेली ढवळाढवळ नेमकी येथे आहे. शनिवारवाडा हे घर होते, पण तेच सरकारही होते. तेथे रोज कारकून येत, सरदार येत, पहारे बदलत, भांडणे होत. ज्या माणसाला राजकारणापासून दूर ठेवायचे त्याला राजकारणाच्या माजघरात ठेवले गेले. लोकलज्जेस्तव, म्हाताऱ्या मंडळींच्या शब्दाखातर किंवा खरोखरच्या मायेपोटी, कारण काहीही असो, काकांना परक्या किल्ल्यावर धाडणे जिवावर आले असावे.

हेच माधवराव मातोश्रींच्या बाबतीत मात्र बधले नाहीत. गोपिकाबाईंचा कारभारातील हस्तक्षेप त्यांनी मान्य केला नाही आणि त्या नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. म्हणजे आईला दूर ठेवता आले, काकांना आले नाही. असे का झाले, याचा विचार केला पाहिजे. मला वाटते आईशी मतभेद उघड होता, त्यात अपराधाची भावना नव्हती. काकांचा पराभव केल्यानंतर मात्र पुतण्याला कुठेतरी भरपाई करावीशी वाटली असणार. कठोर निर्णय घेतल्यानंतर मनाला जी टोचणी लागते, तिच्या समाधानासाठी माणूस दुसरा एक मवाळ निर्णय घेतो, आणि पुष्कळदा तो दुसरा निर्णयच महागात पडतो.

प्रतिसाद: मोडीवाचक

गंगापूररोड यांचा तर्क आकर्षक आहे, परंतु त्यातून ओघाने निघणारा एक निष्कर्ष आधीच थांबवला पाहिजे. १७६८ च्या कैदेचा धागा थेट १७७३ च्या हत्येशी जोडता येत नाही. मध्ये दोन गोष्टी घडल्या. क्षयाने खंगलेल्या माधवरावांनी अखेरच्या काळात दादांशी समेट केला आणि धाकट्या भावाला त्यांच्या ओटीत घातले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला ते गेले. त्यानंतर एप्रिल १७७३ मध्ये नारायणरावांनी दादांना पुन्हा वाड्यात अटकेत ठेवले. हत्या झाली ती या दुसऱ्या अटकेत. तेव्हा वाडा ही जागा चुकीची होती, असे म्हणायचे असेल तर त्याचा बराचसा दोष नारायणरावांच्या आणि त्यांच्या सल्लागारांच्या पदरी जातो.

उलट माझा प्रश्न समेटाविषयी आहे. सहा वर्षे ज्याच्यावर विश्वास ठेवता आला नाही त्याच्या हाती सतरा वर्षांच्या भावाला सोपवणे, हा निर्णय मरणाऱ्या माणसाने घेतला. तो राज्यकर्त्याचा होता की थोरल्या भावाचा? मला तो थोरल्या भावाचा वाटतो आणि त्यासाठी मी त्यांना दोष देऊ शकत नाही. दुसरा कोणता मार्ग होता, हेही प्रामाणिकपणे सांगता येत नाही. दादांना बाहेर ठेवून नारायणरावांच्या पाठीशी सखाराम बापू आणि नाना फडणीस यांना उभे करायचे म्हटले, तर सखाराम बापूंचा कल कोणत्या वेळी कोणीकडे असेल, याची खात्री खुद्द सखाराम बापूंनाही नसावी.

प्रतिसाद: कऱ्हाकाठ

सखाराम बापूंवरील शेवटचे वाक्य वाचून हसू आले, पण ते अन्यायाचे आहे. आयुष्यभर दादांच्या जवळचा मानला गेलेला हा माणूस नारायणरावांच्या हत्येनंतर बारभाईंच्या, म्हणजे पुण्याच्या कारभाऱ्यांच्या गटाच्या, कारस्थानात दादांच्या विरोधात उभा राहिला. जुना स्नेह बाजूला ठेवून घेतलेला निर्णय हवा असेल तर तोही येथे नोंदवावा. पुढे ते पुन्हा फिरले आणि कैदेत मेले, हे मान्य आहे. तरी १७७४ साली त्यांनी जे केले त्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

प्रतिसाद: न्यायखाते

जामीनदार यांनी वसुलीचा जो निकष दिला तो पुढच्या काळाला लावून पाहिला. सुरतेचा तह करून दादांनी इंग्रजांना घरात आणले, त्यातून सात वर्षांचे युद्ध झाले आणि मे १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने ते मिटले. त्या तहात दादांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. ते कोपरगावी जाऊन राहिले आणि डिसेंबर १७८३ मध्ये तेथेच वारले. नारायणरावांच्या अंगावर ज्यांनी शस्त्र चालवले त्या गारद्यांपैकी जे सापडले, त्यांना देहदंड मिळाला. म्हणजे माधवराव गेल्यावर, रामशास्त्र्यांचा निवाडा होऊनही, शिक्षेची उतरंड तीच राहिली. ही एकट्या माधवरावांच्या मायेची गोष्ट असती तर नाना फडणीसांच्या काळात ती बदलायला हवी होती, कारण नानांना दादांविषयी तिळमात्र माया नव्हती.

प्रतिसाद: भीमथडी

न्यायखाते यांचा आक्षेप मला मान्य करावा लागतो, निदान अर्धा. नेमणूक देण्यामागे नानांची माया नव्हती, इंग्रजांच्या हातातले प्यादे काढून घेण्याची ती किंमत होती. परंतु मग नानांच्याच दुसऱ्या एका निर्णयाकडे पाहू. दादांच्या मागे त्यांची मुले, बाजीराव आणि चिमाजी, यांना नानांनी देखरेखीखालीच वाढू दिले. १७९४ मध्ये आनंदीबाई वारल्या, तरीही मुले मोकळी झाली नाहीत. त्यांना शिवनेरीवर अटकेत ठेवले गेले. बापाच्या कृत्यात या मुलांचा काहीही भाग नव्हता. बाजीरावाचा जन्मच १७७५ चा. दौलतीच्या सुरक्षिततेसाठी घेतलेला हा थंड डोक्याचा निर्णय होता, असे नानांचे चाहते म्हणतील. दादांवरचा जुना राग मुलांवर निघाला, असे विरोधक म्हणतील. मला दोन्ही खरे वाटते, आणि आपला राग कोठे संपला व राजकारण कोठे सुरू झाले, हे नानांना स्वतःला वेगळे काढता आले असेल, याविषयी मला शंका आहे.

१७९५ मध्ये नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव पेशवे अकाली गेले आणि गादीला याच मुलांशिवाय जवळचा वारस उरला नाही. डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवा झाला. वर्षभराने, डिसेंबर १७९७ मध्ये, नाना अटकेत पडले आणि त्यांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली.

प्रतिसाद: जामीनदार

शिवनेरीवरील अटकेच्या काळात या मुलांच्या शिक्षणाची आणि खर्चाची व्यवस्था कशी होती, याविषयी कोणी कागदपत्रांच्या आधारे लिहू शकेल का? नानांचा राग होता की धोरण होते, हे मला त्या हिशेबावरून जास्त चांगले कळेल.

प्रतिसाद: मोडीवाचक

पेशवे दप्तरात शोधून पाहतो. वेळ लागेल.